चहाचा डाग अर्धा चहाचा, अर्धा पाण्याचा

जालन्याजवळच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे : सासूबाईंनी जपून ठेवलेल्या पांढऱ्या कपबश्यांवर आतून तपकिरी थर चढला आहे. भांडी घासण्याच्या साबणाने तो निघत नाही. मोबाइलवर पाहून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावले, तर फेस भरपूर आला, पण डाग जागचा हलला नाही. शेवटी तारेची घासणी फिरवली, तेव्हा डाग थोडा फिका झाला खरा, पण कपावर करड्या रेघा उमटल्या. घरात बोअरचे पाणी आहे, कपांपैकी काहींना सोनेरी काठ आहे, आणि घरातल्याच वस्तूंनी हे कप पुन्हा पांढरे होतील का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ताई, बहुतेक कप पांढरे होतील. मात्र तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात, आणि तो म्हणजे बोअरचे पाणी. मी परभणीत समारंभांसाठी कपबश्या भाड्याने देते आणि चहा-फराळाची कामेही घेते. त्यामुळे एकाच पेटीतले, एकाच भट्टीचे कप वेगवेगळ्या गावांत जाऊन येतात आणि प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची खूण घेऊन परततात. धरणातून आलेले नळाचे पाणी जिथे वापरले जाते तिथले कप साध्या साबणाने आणि मऊ घासणीने निघतात. खोल बोअरच्या पाण्यावर चहा झालेल्या गावाहून आलेले कप मात्र साबणाला दाद देत नाहीत. चहा पावडर तीच असते, उकळणारी माणसेही बहुधा तीच असतात. म्हणून डाग काढण्याआधी तो कशाचा आहे हे समजून घेणे मला आवश्यक वाटते.

चहाचा रंग आणि तुरटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो. ही द्रव्ये कपाच्या काचेसारख्या गुळगुळीत मुलाम्याला स्वतःहून फारशी चिकटत नाहीत. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असले, की चहाच्या पृष्ठभागावर त्यांची आणि या द्रव्यांची मिळून एक पातळ साय तयार होते आणि चहा पीत असताना ती कपाच्या कडेला वरून खाली चिकटत जाते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मायकेल स्पायरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने या सायीचा नीट अभ्यास करून 1993 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले होते. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ही दोन्ही असली तरच साय धरते आणि चहात लिंबासारखे आम्ल घातले तर ती धरत नाही, असे त्यांना आढळले. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकात मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट मुबलक असतात. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्याच पाण्यात चहाचा डाग पक्का बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, पाण्याचा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतला जातो. पाणी या मर्यादेत बसत असले, पिण्यास योग्य असले, तरी वरच्या टोकाकडचे असेल तर कप ते सांगतातच.

तुमच्या कपावर त्यामुळे एक नव्हे, तीन गोष्टी बसलेल्या असण्याची शक्यता आहे. सर्वांत वर दुधाच्या स्निग्धांशाचा अगदी पातळ पापुद्रा, मध्ये चहाचा तपकिरी रंग, आणि त्या रंगाला धरून ठेवणारा चुनखडीचा पांढरट क्षार. साबण फक्त पहिल्याला हलवतो. सोड्यासारखा अल्कली पदार्थ रंगाला सैल करतो. क्षार मात्र आम्लानेच सुटतो. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वस्तूने आणि स्वतंत्रपणे काढावे लागते, हे माझ्या सगळ्या उत्तराचे मूळ आहे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर डाग का गेला नाही, याचे उत्तरही यातच आहे. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारून टाकतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि फेस बसल्यावर मागे उरते ते सोडियम अ‍ॅसिटेट नावाच्या मिठाचे पाणी, ज्यात ना सोड्याचे बळ असते ना व्हिनेगरचे. सिंकच्या जाळीत अडकलेला चोथा हलवायला त्या बुडबुड्यांचा थोडा उपयोग होतो, पण कपाच्या भिंतीवर जमलेल्या डागासाठी नाही. तुमच्याकडच्या दोन्ही वस्तू चांगल्या होत्या. त्या एकामागून एक वापरल्या असत्या तर तुम्हाला हा प्रश्न विचारावा लागला नसता.

आता कृतीकडे वळण्याआधी एक चाचणी करून पाहा. सर्वांत जास्त डागलेला, पण सोनेरी काठ नसलेला एक कप कोरडा करा आणि डागावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पाच-दहा मिनिटांनी बोट फिरवल्यावर तेवढाच भाग उजळला, तर क्षार भरपूर आहे आणि आम्लापासून सुरुवात करायला हवी. काहीच फरक पडला नाही तर डाग मुख्यतः चहाचा आहे आणि सोडाच पुरेल. तुमच्याकडे चहाला जारचे किंवा फिल्टरचे पाणी आणि भांडी धुवायला बोअरचे पाणी असेल, तरीही ही चाचणी करा. कारण धुतलेला कप उपडा न घालता तसाच वाळला की पाण्याचा क्षार आत राहतो आणि दुसऱ्या दिवशीचा चहा त्याच खरखरीत थरावर बसतो.

माझी नेहमीची पद्धत अशी आहे. आधी कप साबणाने आणि कोमट पाण्याने धुऊन स्निग्धपणा काढून टाकावा. ही पायरी टाळली तर पुढचे पाणी डागापर्यंत नीट पोहोचत नाही. मग प्लास्टिकच्या टबात एक लिटर कोमट पाण्याला एक मोठा सपाट चमचा लिंबूसत्त्व विरघळवावे. किराणा दुकानात हे पांढऱ्या, साखरेसारख्या दाण्यांच्या रूपात मिळते आणि याच कामासाठी मी ते लिंबापेक्षा आणि व्हिनेगरपेक्षा पसंत करते. त्याला उग्र वास नसतो, थोडे लागते, आणि ते क्षार नुसता विरघळवत नाही तर सुटलेल्या कॅल्शियमला पाण्यातच धरून ठेवते. व्हिनेगरच असेल तर ते पाण्यात निम्मे मिसळून वापरा, वेळ थोडा जास्त द्या. कप यात अर्धा तास पूर्ण बुडलेले असावेत. अर्धवट बुडालेल्या कपावर पाण्याच्या पातळीची रेघ उमटते. चिंच मी तांब्या-पितळेसाठी राखून ठेवते. तिच्यातले टार्टरिक आम्ल चांगलेच काम करते, पण तिचा स्वतःचा तपकिरी रस पांढऱ्या कपाच्या बारीक भेगांत शिरतो.

अर्ध्या तासाने कप बाहेर काढून साध्या पाण्याने विसळावेत. या टप्प्यावर कप पूर्ण पांढरा होणार नाही, आणि इथेच बरेच जण निराश होऊन घासणीकडे वळतात. तसे करू नका. आता रंगाला धरून ठेवणारा क्षार गेला आहे आणि रंग एकटा उरला आहे. तीन चमचे खाण्याच्या सोड्यात एक चमचा पाणी घालून दाटसर लगदा करा, ओल्या मऊ फडक्यावर घ्या आणि गोल गोल फिरवत हलक्या हाताने चोळा. बहुतेक कप एवढ्यानेच उजळतात. खाण्याच्या सोड्याचा मोठा गुण असा की, त्याचे कण कपाच्या मुलाम्यापेक्षा बरेच मऊ असतात. ते डाग खरवडतात, पण कप खरवडत नाहीत. मिठाचेही तसेच आहे, मात्र त्याचे दाणे मोठे असतात म्हणून ते कान्याकोपऱ्यात पोहोचत नाही.

कपाच्या दांडीच्या सांध्यात, बुडाच्या गोलाईत किंवा किटलीच्या तोटीत फडके जात नाही. तिथे भिजवणेच बरे. एक लिटर चांगल्या गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला आणि कप एक ते दोन तास बुडवून ठेवा. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो, म्हणून हातमोजे घाला, मुलांपासून टब दूर ठेवा आणि नंतर कप भरपूर विसळा. धुण्याचा सोडा घरात नसेल तर खाण्याचाच सोडा दुप्पट घेऊन गरम पाण्यात रात्रभर भिजवला तरी चालते. गरम पाण्यात त्याचा काही भाग हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो आणि त्याचे बळ वाढते. आणखी एक काळजी अशी, की थंड कपावर एकदम उकळते पाणी ओतू नये. जुन्या कपाला तडा जायला तेवढे पुरते.

इथे पाण्याचा विचार करणे भाग आहे, कारण मराठवाड्यात ‘नळाखाली भरपूर पाण्याने धुवा’ असे सांगणे उन्हाळ्यात निरर्थक ठरते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, आणि दरवर्षी टँकरची वाट पाहणारी गावे आजही आहेत. वर सांगितलेल्या पद्धतीत पाणी वाया जात नाही, म्हणूनही ती मला प्रिय आहे. लिंबूसत्त्वाचे तेच पाणी कप झाल्यावर स्टीलच्या किटलीत घाला, तिच्या तळाचा पांढरा थर सुटतो. मग ते मोरीच्या नळावर आणि फरशीवरच्या पांढऱ्या डागांवर ओता. संगमरवर किंवा शहाबादी फरशी असेल तर मात्र तिच्यावर ओतू नका, तो दगडही चुनखडीचाच असतो. सोड्याचे पाणी कपांनंतर चहाच्या स्टीलच्या भगोण्याला आणि गाळणीला वापरा. ते झाडांना घालू नये. विसळण्यासाठी दोन बादल्या ठेवाव्यात. पहिलीत साबण-सोडा जातो, दुसरीतले पाणी शेवटच्या कपापर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहते.

यापुढचे सगळे काही, कप कशाचा बनलेला आहे, यावर अवलंबून आहे. साधा पांढरा चिनी मातीचा कप, उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून येणाऱ्या मालातला असो वा बोन चायनाचा, वरची पद्धत निर्धास्त सोसतो, आणि काचेचे ग्लासही. सोनेरी काठाचे कप मात्र वेगळे काढा. सोनेरी रंग आणि जुन्या कपांवरची फुले-वेली अनेकदा मुलाम्याच्या वर चढवलेली असतात. आम्लात भिजवल्याने आणि जोराने चोळल्याने ती उडतात. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि आम्लाने ते बाहेर येऊ शकते. त्यामुळे अशा कपाला आम्लात बुडवू नका. आतल्या भागात सोड्याचा लगदा फडक्याने चोळा आणि काठाला हात लावू नका. सासूबाईंचा संच आहे, तेव्हा काठासाठी थोडा डाग राहिला तरी चालेल असे माझे स्पष्ट मत आहे.

मेलामाईनच्या कपांना तर तारेची घासणी कधीच लावू नये. त्यांचा पृष्ठभाग एकदा खरवडला की चहा त्यात मुरतो आणि पुढे कशानेही निघत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या किटलीचे किंवा भगोण्याचे नियम उलटे आहेत. धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि भांडे काळवंडते. तिथे पाण्यात थोडी चिंच किंवा लिंबाच्या साली टाकून दहा मिनिटे उकळणे योग्य, त्याने काळपटपणाही जातो.

तुमच्या कपावर तारेच्या घासणीने उमटलेल्या करड्या रेघांविषयी तुम्ही घाबरला असाल, पण त्या बहुधा चरे नाहीत. कपाचा मुलामा पोलादापेक्षा कठीण असल्यामुळे घासणीचेच धातूचे बारीक कण झिजून कपाला लागतात, पाटीवर पेन्सिलीची रेघ उमटावी तसे. रेघेवरून नख आडवे फिरवून पाहा. नख अडकले नाही तर ती धातूची खूण आहे. लिंबूसत्त्वाचे दाणे थोड्या पाण्यात घोळून तिथे पंधरा मिनिटे ठेवा आणि फडक्याने चोळा, ती जाईल. नख अडकले तर मुलामा खरोखर कापला गेला आहे, आणि त्या जागी डाग पुन्हा पुन्हा धरेल. राखेचे पण असेच आहे. आपल्या आज्या राखेने भांडी घासत, आणि राख अल्कली असल्यामुळे ती डागावर चालतेही. पण तिच्यात वाळूचे कण आले तर ते मुलाम्याइतके किंवा त्याहून कठीण असतात. काशाच्या-पितळेच्या भांड्यांना राख शोभते, कपाला नाही. घ्यायचीच असेल तर वस्त्रगाळ करून घ्या.

गाळणी आणि थर्मासचाही प्रश्न याच घरात पुढे येणार, म्हणून थोडक्यात सांगते. स्टीलची गाळणी स्टीलच्या भगोण्यात सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटे उकळून दात घासायच्या जुन्या ब्रशने मागच्या बाजूने झाडावी. गॅसच्या ज्योतीवर धरून जाळण्याची पद्धत आमच्याकडे सर्रास दिसते. तिने जाळी नरम पडते, कडेपासून सुटते आणि तिच्या तारा चहात उतरतात. थर्मासमध्ये गरम पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून तासभर ठेवावे, पण झाकण बंद करू नये, कारण गरम पाण्यात सोड्यातून वायू सुटतो आणि आत दाब वाढतो. काचेच्या पोटाच्या थर्मासात काठीला फडके बांधून खरवडण्याऐवजी मूठभर कच्चे तांदूळ आणि कोमट पाणी घालून हलवावे.

ब्लीचविषयी तुम्ही विचारले नाही, पण मोबाइलवरचा पुढचा सल्ला तोच असेल म्हणून लिहिते. संडास-बाथरूमचे क्लोरीन असलेले ब्लीच डाग नक्की पांढरे करते, कारण ते रंगाचेच विघटन करते. पण ते क्षार हलवत नाही, सोनेरी काठ खराब करते, आणि व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याच्या आम्लाशी त्याचा थेंबभरही संपर्क आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत हे जिवावर बेतू शकते. पिण्याच्या कपासाठी माझ्याकडे ते मी ठेवतच नाही. रंग उडवणारी वस्तू हवीच असेल तर ऑक्सिजन ब्लीच नावाने मिळणारी, सुगंध नसलेली सोडियम परकार्बोनेटची पावडर घ्यावी. कोमट पाण्यात तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो, आणि तीसुद्धा कोणत्याही आम्लात मिसळू नये.

पुन्हा डाग बसू नये म्हणून जे करता येईल ते वेळेवर अवलंबून आहे. चहा कपात वाळला की साय घट्ट बसते. दुपारी पिलेला कप संध्याकाळच्या भांड्यांबरोबर धुवायचा असेल तर तो निदान एका भांड्यातल्या पाण्यात बुडवून ठेवा. कप धुऊन उपडे घाला आणि लगेच पुसा, म्हणजे बोअरच्या पाण्याचा थेंब आत वाळणार नाही. शक्य असेल तर चहा फिल्टरच्या पाण्याचा करा. कपांपेक्षा चहाचा रंग आणि चव यांतला फरक तुम्हाला आधी जाणवेल. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास भिजवले की पुढे कधी चोळत बसावे लागत नाही.

एका बाबतीत मी तुम्हाला खात्री देऊ शकत नाही. जुन्या कपाच्या मुलाम्यात कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात आणि चहा त्यांतून आतल्या मातीत उतरलेला असतो. तिथे वरून कितीही चोळले तरी काही होत नाही. परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवल्याने कधी फिके पडतात, कधी नाही. असे कप शोभेसाठी काचेच्या कपाटात ठेवावेत, रोज चहा पिण्यासाठी नाही, कारण भेगांत ओल राहते आणि ती नीट वाळत नाही.

तेव्हा आज काठ नसलेले दोन कप घेऊन सुरुवात करा : साबण, लिंबूसत्त्व, विसळणे, सोडा, विसळणे, या क्रमाने. त्यानंतरही डाग राहिला तर लिंबाच्या थेंबाला बुडबुडे आले होते का, आणि कप उजेडात तिरका धरल्यावर त्यात बारीक भेगांचे जाळे दिसते का, एवढे दोन तपशील लिहा. त्यावरून पुढचे सांगता येईल.